तुस्कानोचं लोखंड

इनास तुस्कानोने आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंना शेवटी स्वतःच काळा रंग फासला आणि त्या वाया घालवल्या, असं दुखानच्या जुन्या लोकांत अजून सांगतात. मागच्या महिन्यात मुलाकडे दोह्याला आलो. अल मन्सूरात त्याच्या घराखालच्या किराणा दुकानात जाड पोहे शोधत होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. पटवर्धन. कंपनीत अकाउंट्सला होता, आता मुलीकडे आलेला. कोण कुठे आहे, कुणाची बायपास झाली, कुणाचे गुडघे बदलले, सगळं झालं. मग तो म्हणाला, "आणि तुमचा तो भंगारवाला? गेला म्हणे. काय येडा माणूस हो! स्वतःच्या अँटिक वस्तूंना ऑइलपेंट मारला!"

तो हसला. मी पोह्यांची पिशवी उचलली आणि "हो, गेला," एवढंच म्हणालो.

घरी येऊन सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अजून किती वर्षं तोंड मिटून बसणार आहात?"

म्हणून लिहायला बसलो. तो रंग तुस्कानोने दिला नव्हता. मी दिला होता. कसा आणि का, ते सांगतोच. पण आधी माणूस सांगितला पाहिजे. तो कळल्याशिवाय त्याचं काय गेलं हे कळणार नाही.

दुखान हे कतारच्या पश्चिम किनाऱ्यावरचं तेलाचं गाव. कंपनीची वसाहत, एकासारखं एक घर, पलीकडे खारट उथळ समुद्र आणि अलीकडे पाइपच पाइप. त्या पाइपांना गंज कुठे लागलाय हे शोधणं तुस्कानोचं काम, आणि गंज लागू नये म्हणून त्यांना रंग देणं माझं. तो वसईचा, मी नाशिकचा. आमची गाठ पडली ती भांडणातून. मी नुकत्याच रंगवून घेतलेल्या एका टाकीवर त्याने खडूने मोठी फुली मारली होती.

"तुस्कानो, काल रंग झालाय तिचा," मी म्हणालो.

"म्हणूनच. आत गंज आहे. तुम्ही वरून पावडर लावून नवरी बसवलीत." त्याने बोटाच्या पेराने टाकीवर दोनदा टकटक केलं. "ऐका."

मला काही वेगळं ऐकू आलं नाही. टाकी उघडली तेव्हा तळ पापडासारखा झालेला निघाला.

तेव्हापासून आमचा तोच विनोद ठरून गेला. "तुम्ही लपवा, मी शोधतो," तो म्हणायचा. गंज लबाड नसतो, हे त्याचं आवडतं वाक्य. पाणी कुठे साचलं, कुणी दुर्लक्ष केलं, गंज सगळं सांगून टाकतो. लबाडी करतो तो रंग. मी म्हणायचो, "मग माझी नोकरी कशाला ठेवलीय कंपनीने?" तो म्हणायचा, "माझी चालावी म्हणून."

उंच, थोडा पुढे वाकलेला माणूस. शर्टाच्या बाह्या उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बंद. जाईल तिथे पेराने टकटक करायची सवय. आमच्या घरी पहिल्यांदा आला तो गणपतीत. आरती झाली, प्रसाद झाला, आणि ह्याने सुमनच्या माहेरच्या समईवर टकटक केलं.

"वहिनी, हे पितळ नाही. मुलामा आहे."

सुमन पुढे आठवडाभर आईशी फोनवर नीट बोलली नाही.

तो एकटा राहायचा. बायको रेजिना वसईला. वाडी होती, म्हातारे सासू-सासरे होते, मुलीची शाळा होती. आधी त्यांच्यासाठी ती तिथे राहिली आणि नंतर सवयीने. मुलगी मेलिसा शिकून कॅनडाला गेली. बापाने मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा त्यांचा संवाद. रोज संध्याकाळी रेजिनाला फोन व्हायचा, त्यांच्या वसईच्या बोलीत. मी समोर असलो तर मला अर्धंमुर्धं कळायचं. हवा, नारळ, कुणाचं लग्न, औषध घेतलं का. मग दोघांकडचं बोलणं संपायचं. तो फोन कानाला तसाच धरून बसायचा. शेवटी ठेवताना मला सांगायचा, "लाइन कट झाली." लाइन कट झालेली नसायची.

त्याच्या शेजारच्या घरात त्रिनिदादचा एक ड्रिलिंगवाला राहत होता, बर्नार्ड नावाचा. नोकरी सोडून जाताना सामान वाटलं तेव्हा त्याने तुस्कानोला भिंतीवर लावायची एक लोखंडी जलपरी दिली. कॅरिबियन समुद्रातल्या हैतीतली. माणसाएवढी नाही, पण दोन्ही हात पसरून धरावी लागेल एवढी. केसांत मासे, शेपटीवर पक्षी, हातात आरसा. सगळं एकाच पत्र्यातून कापलेलं.

"पत्रा कुठला असेल सांग," बर्नार्ड म्हणाला होता.

तुस्कानोने ती उलटी केली. मागे निळ्या रंगाचे पोपडे होते, पिंपाला असते तशी उभी घडी होती, आणि पुसट अक्षरं होती. तेलाचं पिंप. आपण ज्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही ते.

ही गोष्ट तो प्रत्येकाला सांगायचा आणि सांगताना दर वेळी त्याचा आवाज खाली यायचा. "सोनवणे, मी इतकी वर्षं रिकामी पिंपं भंगारात पाठवली. सह्या केल्या. आणि तिकडे एका बेटावर कुणीतरी उन्हात बसून त्याच पिंपातून पाखरं बाहेर काढत होता. मला पत्ता नाही."

मग तो त्यातच शिरला. आधी हैतीच्या एका दुकानदाराशी ई-मेल, मग मायामीतले व्यापारी, मग इंटरनेटवरचे लिलाव. हळूहळू हे काम करणाऱ्या तिथल्या एका गावातल्या कारागिरांशी थेट ओळखी झाल्या. पिंपाची दोन्ही झाकणं काढायची, आत सुका पाला भरून पेटवायचं म्हणजे तेल आणि बराचसा जुना रंग जळून जातो, मग पिंप उभं चिरून पायांनी तुडवून सपाट करायचं, खडूने चित्र काढायचं आणि छिन्नी-हातोड्याने कापायचं. हे त्याला तोंडपाठ होतं. एकदा एका कारागिराने पिंप पेटवतानाचा व्हिडिओ पाठवला. तुस्कानो तो घेऊन आमच्या घरी आला, अक्षरशः पळत.

"वहिनी, बघा, बघा काय जाळतायत! केळीची पानं! सुकी केळीची पानं! आमच्या वाडीत ढिगाने पडलेली असतात!"

सुमन म्हणाली, "मग वसईला का नाही करत कुणी असलं?"

तो प्रश्न त्याला लागला असावा, कारण पुढे वर्षभर मधूनच म्हणायचा, "वहिनी बरोबर बोलल्या. पानं आमच्याकडेही होती."

घरातली मोठी खोली लोखंडाला दिली होती. जलपऱ्या, शिंगं असलेले घोडे, जीवनवृक्ष, कोंबडा खांद्यावर घेतलेली बाजारातली बाई, ढोल वाजवणारे. दोन-तीन रंगीत चित्रंही होती, जमैकाची आणि हैतीची, पण त्याचा जीव लोखंडात. तो स्वतः मागच्या अरुंद खोलीत झोपायचा. लोखंडाच्या खोलीत एसी रात्रंदिवस चालू, शिवाय हवेतलं पाणी ओढून घेणारं एक यंत्र. त्याच्या खोलीत पंखा. मी चेष्टा केली तर म्हणायचा, "त्यांना हवा बाधते. मला काय होतंय!"

आणि त्याचा एक नियम होता. पाहुण्याने आधी मागची बाजू बघायची. तुकडा भिंतीवरून उतरवून तो उलटा धरायचा. त्यावरचे रंगाचे पोपडे, घड्या, खोलवर गेलेला तपकिरी गंज दाखवायचा, आणि मगच समोरची बाजू. 'छान' म्हटलेलं चालायचं नाही. "छान राहू दे. काय दिसलं ते सांगा." मला पहिल्यांदा काय दिसलं होतं ते मी खरं सांगितलं: "तुमच्या खात्याचं काम दिसलं. आणि माझ्या खात्याचं राहिलेलं." तो इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली.

विमानतळाच्या कार्गोत पार्सल सोडवायला एकदा मी त्याच्याबरोबर गेलो होतो. कस्टमच्या तरुण अधिकाऱ्याने खोका उघडला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मूर्ती आहे का, पूजेची आहे का, असं इंग्रजीत विचारू लागला.

"मासा आहे," तुस्कानो म्हणाला.

"ही बाई आहे."

"वरून बाई. खालून मासा."

"मग बाई की मासा?"

तुस्कानोने तुकडा उलटा केला. "सर, खरं सांगू? पिंप आहे. तेलाचं पिंप. तुमचंच तेल असेल कदाचित."

अधिकारी बराच वेळ त्या पाठीकडे बघत राहिला, मग हसला. "खलास. यल्ला, चल, घेऊन जा तुझं पिंप." तुस्कानो गाडीत बसल्यावर म्हणाला, "सोनवणे, ह्या माणसाने नीट बघितलं. आपल्या लोकांपेक्षा नीट बघितलं."

आपले लोक, म्हणजे वसाहतीतले मराठी लोक, ह्यांनी बघावं म्हणून त्याने एकदा सगळ्यांना घरी बोलावलं. दोन दिवस स्वयंपाक करत होता. डुकराचं मांस इथे सहज मिळत नाही, म्हणून त्यांच्याकडचं आंबट-तिखट इंद्याळ कोंबडीचं केलं. नाताळात करतात तसे फुगे तळले. शाकाहारी लोकांसाठी वेगळी भांडी आणली. प्रत्येक तुकड्याखाली कारागिराचं नाव मराठीत लिहून चिकटवलं. लोक आले. हातात ताटल्या घेऊन खोलीभर उभे राहिले. पाच-दहा मिनिटांत सगळ्यांच्या पाठी भिंतीकडे आणि तोंडं एकमेकांकडे झाली. बाणेरला फ्लॅटचा भाव काय चाललाय, कोण कोणत्या बँकेत पैसे पाठवतो.

"तुस्कानो, स्क्रॅपचं टेंडर घेतलंत का?" पटवर्धनने विचारलं.

"घरात शिंगंबिंगं चालतात तुमच्यात?" दुसऱ्या कुणाच्या बायकोने विचारलं. "म्हणजे, चर्चला?"

"चर्चला विचारलं नाही," तुस्कानो म्हणाला. "फुगे घ्या ना अजून."

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघं नवरा-बायको आवराआवर करायला थांबलो. तो भिंतीवरून एकेक नाव काढत होता. सुमन म्हणाली, "राहू द्या ना चिकटवलेली." तो म्हणाला, "डिंकाचा डाग राहतो, वहिनी."

रेजिना एकदाच दुखानला येऊन राहिली. मोठ्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि आत गेलीच नाही. जाताना मला विमानतळावर म्हणाली, "भाऊ, ह्यांना सांगा. माणूस परत येऊ दे, पण ही भुतं माझ्या घरात येणार नाहीत." मी त्याला सांगितलं नाही. त्याला माहीत होतं.

आणि इथेच त्याची खरी अडचण होती. इथला माणूस निवृत्त झाला की व्हिसा संपतो, घर कंपनीला परत द्यायचं असतं. तुस्कानोची निवृत्ती जवळ आली तसा तो त्या खोलीत जास्त वेळ बसू लागला. बायको घेणार नाही. मेलिसाला विचारलं, तर ती म्हणाली, तिच्या अपार्टमेंटमध्ये जागा नाही, आणि हे सगळं ऑनलाइन विकून टाका ना. विकायचं त्याच्या मनात नव्हतं. "एकेक सुटा गेला तर ते शोपीस होतात," तो म्हणायचा. "एकत्र असले तर ते एका गावाचं काम आहे."

ते सगळं एकत्र कुठे तरी राहावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि तशी जागा जवळजवळ मिळाली होती.

वर्ल्ड कपच्या आधीचे दिवस. दोह्यातल्या मुशैरिबला जुन्या वस्तीच्या जागी चकचकीत इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि तिथे एक नवी गॅलरी निघत होती. तिथल्या नादिया नावाच्या लेबनीज बाईंनी कुठून तरी तुस्कानोच्या जलपरीचे फोटो पाहिले. मग मागच्या बाजूचे फोटो मागवले. त्याचे कान लाल झाले होते मला सांगताना. "सोनवणे, तिने स्वतःहून पाठ मागितली!" तेलातून लोकांनी काय काय घडवलं, असं काहीसं प्रदर्शन त्यांना करायचं होतं, आणि ते झाल्यावर सगळा संग्रह तिथेच कायमचा ठेवून घ्यायचा विचार होता. सप्टेंबरमध्ये त्या स्वतः दुखानला येऊन बघणार होत्या.

ऑगस्टमध्ये रेजिनाचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तुस्कानोला जावं लागलं. किल्ली माझ्याकडे दिली. "एसी बघा फक्त. बाकी काही करू नका."

बाकी काही करू नका. हे शब्द मी अनेकदा आठवले आहेत.

त्या सुमारास माझा मुलगा सुट्टीला आला होता आणि मी काही दिवस त्याच्या घराकडे फिरकलो नाही. गेलो तेव्हा दार उघडताच गरम वाफेचा भपकारा आला. एसी बंद पडलेला, छताकडून पाणी ठिबकून भिंतीवर ओघळलेलं. दुखानचा ऑगस्ट म्हणजे हवा अंगाला चिकटते. तुकड्यांवर नारिंगी रंगाचा ताजा गंज फुलून आला होता. त्या बाई यायला थोडे दिवस राहिलेले.

दुसऱ्या कुणी घाबरून काय केलं असतं ठाऊक नाही. कोरड्या फडक्याने पुसलं असतं, त्याला फोन केला असता. पण मी तीस वर्षं एकच गोष्ट केली होती. लोखंडावर गंज दिसला की मला एकच उपाय माहीत. मी सगळे तुकडे पिकअपमध्ये भरले आणि कंपनीच्या यार्डात नेले. सुट्टीचा दिवस होता. आमच्या विश्वासातल्या एका पेंटरला बोलावलं.

"सर, कितना साफ करूँ?"

"पूरा. पण प्रेशर कमी ठेव, पत्रा पातळ आहे."

हलक्या हाताने वाळूचा मारा केला. पत्रा लख्ख निघाला, एकही ठिपका नाही. मग प्रायमर, मग दोन हात काळा रंग, चमकदार, समुद्रातल्या खांबांना देतो तो. पुढून आणि मागून. मागून तर जास्तच नीट, कारण त्याला मागची बाजू बघायची सवय आहे हे मला माहीत होतं. मला अभिमान वाटत होता. तो आल्यावर किती खूश होईल, असं मी सुमनला म्हणालो होतो.

तो आला त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी थांबलो होतो. त्याने खोलीचा दिवा लावला. दारात उभा राहिला. मग एक तुकडा उतरवून उलटा केला, दुसरा केला, तिसरा केला. मी बोलत होतो. एसी, पाणी, गंज, आता वीस वर्षं काळजी नाही. तो आत गेला आणि बॅगेतून रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र घेऊन आला, त्याचं कामावरचं. जलपरीच्या पाठीवर चार-पाच ठिकाणी टेकवलं. आकडे बघितले.

"एकसारखं बसलंय," तो म्हणाला. "चांगलं काम केलंत, सोनवणे."

मग विचारलं, "चहा घेणार?"

मला तेव्हाही कळलं नाही. तो चहात साखर घालायला विसरला, एवढंच माझ्या लक्षात आलं.

मला कळलं ते नादियाबाई आल्या तेव्हा. त्यांच्याबरोबर कंपनीच्या जनसंपर्क विभागाचा माणूसही होता, फोटो काढायला. बाई हसत आत आल्या आणि थांबल्या. एक तुकडा उलटा करून पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला आजही दिसतं.

"हे कुणी केलं?"

मी तोंड उघडलं की नाही, मला आठवत नाही. उघडलं असेल अशी आशा आहे. कंपनीच्या यार्डात, कंपनीच्या मालाने, सुट्टीच्या दिवशी खासगी काम. तो जनसंपर्कवाला समोर उभा. माझ्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती. मुलाची फी चालू होती.

"मी केलं," तुस्कानो म्हणाला. "घरीच. गंज वाढत होता, म्हणून दोह्यातून रंग आणला."

बाई फार सभ्यपणे बोलल्या. फोटोत होतं तसं असतं तर आनंदाने घेतलं असतं, म्हणाल्या. आता ह्यात पिंपाचं काही उरलं नाही. त्या गेल्यावर मी तिथेच थांबलो. तो म्हणाला, "उभे का? बसा की." मी बसलो नाही, घरी गेलो.

ती बातमी जनसंपर्कवाल्याच्या तोंडून वसाहतभर झाली. तुस्कानोच्या निरोपसमारंभात पटवर्धनने भाषण केलं. जन्मभर दुसऱ्यांच्या रंगाला नावं ठेवणाऱ्या तुस्कानोसाहेबांनी शेवटी स्वतः ब्रश हातात घेतला आणि काय झालं ते आपण जाणताच, असं काहीतरी. सगळे हसले. तुस्कानोही हसला. आणि मी हसलो. रंग लावल्यापेक्षा ते हसणं मला जास्त जड जातं. रंग चुकून झाला होता.

पुढचं ऐकीव आहे. सगळं लोखंड त्याने जहाजाने वसईला नेलं. रेजिनाने घरात घेतलं नाही, मागच्या विहिरीच्या भिंतीला टांगायला दिलं. दुसऱ्या वर्षी तो गेला. मी त्या दिवशी फोन केला नाही, बऱ्याच दिवसांनी केला. आणि अल मन्सूराच्या दुकानात पटवर्धन भेटला त्यानंतर परत केला. रेजिनाबाईंना सांगितलं, रंग मी दिला होता.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"त्यांनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतील! पण भाऊ, ह्यांनी जन्मात कधी घराच्या कुंपणाला ब्रश लावला नाही. त्यांना रंग देता कुठे येत होता?"

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत कुणाला?"

"मला कुणी विचारलं?"

मी त्याला शेवटचं पाहिलं ते समारंभानंतर काही आठवड्यांनी, दुखानच्या किनाऱ्यावर. शुक्रवारची सकाळ होती. सुमन म्हणाली, तो सध्या रोज तिकडे असतो म्हणे, जाऊन तरी या. गाडी लावून वाळूवर उतरलो तर पाण्याच्या कडेला रांगेने लोखंड उभं होतं, दगडांना टेकवलेलं. त्याने माझा रंग उतरवला होता. एकट्याने, हाताने, औषध लावून आणि तारेच्या ब्रशने. बोटांची सालं गेली होती. नागडा करडा पत्रा उन्हात चमकत होता. तुस्कानो पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून प्लास्टिकच्या मगाने समुद्राचं पाणी आणून एकेका तुकड्यावर ओतत होता.

"गंज धरवतोय," तो म्हणाला. "बाईंना परत फोन केला होता. म्हणाल्या, मूळ रूप आलं तर बघू."

मूळ रूप. पाठीवरचा तो निळा रंग आणि ती अक्षरं यार्डात वाळूबरोबर उडून गेली होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. राहिला होता फक्त गंज. जवळच्या घोड्याच्या मानेवर नारिंगी पावडर धरली होती. मी बोट लावलं, तर ती बोटाला आली.

"तुस्कानो, मी जातो मुशैरिबला. त्यांना सांगतो कुणी केलं ते."

"काय सांगणार? रंगवाल्याने रंग दिला?" तो खरंच हसला, मनापासून. "त्यात बातमी काय आहे?" मग प्लास्टिकचा तो मग हातात धरून उभा राहिला. "तुमचं पोर शिकू दे आधी. जा घरी. ऊन वाढतंय."

"किती दिवस लागतील ह्याला?"

"हे मला विचारता? माझ्या खात्याचं काम आहे." त्याने रांगेवरून नजर फिरवली. "इथल्या हवेत? खोलवर, पक्का, तपकिरी? चार वर्षं. पाच."

"आणि तुमचा व्हिसा?"

"गुरुवारपर्यंत आहे," तो म्हणाला, आणि रिकामा मग भरून आणायला पाण्यात गेला.